बाईंच्या पोटातली गळती

"श्वास घ्या," यंत्रातला माणूस म्हणाला, "आणि धरून ठेवा." बाईंनी धरला. सांगितलेलं ऐकलं, एवढाच त्यांचा गुन्हा. पण जिने पन्नास वर्षं दुसऱ्यांना श्वास धरायला शिकवला तिला असं सांगणं म्हणजे सुताराला रंधा कसा धरायचा ते दाखवणं. बाईंच्या शरीराला त्या शब्दांचा एकच अर्थ ठाऊक होता: छाती भरून घे, तोंड मीट, खाली जा. हात डोक्यामागे ताणलेले, पाठीखाली गार फळी, कोपराच्या खोबणीत सुई. सुईतून सोडलेलं औषध गळ्यातून छातीत आणि छातीतून मांड्यांपर्यंत ऊन ऊन पसरत गेलं, इतकं की आपल्याला इथेच लघवी झाली की काय असं वाटावं. तसं वाटतं, घाबरू नका आजी, असं मशीनवाल्या मुलीने आधीच बजावलं होतं. बाई घाबरल्या नाहीत. उलट दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. ऊन पाण्यात उतरतोय असं वाटलं आणि त्या उतरतच राहिल्या. तरणतलावाच्या खोल बाजूचा तळ, निळ्या फरशा, वरून हलत येणारा उजेड. शिकाऊ मंडळी वर हातपाय मारत असायची आणि बाई तळाशी मांडी घालून त्यांचे पाय बघत बसायच्या. तोंडाने माणूस हव्या तेवढ्या फुशारक्या मारतो, पाय खरं बोलतात, हे त्यांचं ठाम मत. कुठून तरी आवाज आला, "आता नेहमीसारखा श्वास घ्या." पण पाण्याखाली असताना वरच्या लोकांचे आवाज येतच असतात आणि ते आपल्यासाठी नसतात. बाई बसून राहिल्या. आत्ता कुठे टेकल्या होत्या, एवढ्यात उठायचं कशाला?

दार धाडकन उघडलं. "आजी! आजी, श्वास सोडा! आजी!" मुलगी धावत आली आणि त्यांचा खांदा गदागदा हलवायला लागली. बाईंनी श्वास सोडला, नाकाने, बेताबेताने, सोडायचा असतो तसा. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "मला काय विचारता? घ्या म्हटल्यावर घ्यायचा ना! तिकडे काचेमागे माझा जीव खालीवर झाला. मला वाटलं, फुटलं की काय! आधीच ती गळती, मागच्या वेळी फुगवटा वाढलेला, आणि त्यात तुम्ही अशा निपचित—" "कसली गळती?" बाई म्हणाल्या. मुलीचा हात खांद्यावर होता तो तिथेच राहिला. नोकरीवर नवीन असावी. चेहरा लपवायला अजून शिकली नव्हती. "डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. "माझ्या पोटात गळती आहे?" "आजी, मी काही बोलले नाही. मागच्या रिपोर्टमध्ये होतं म्हणून... तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं. हात खाली घ्या आता, झालं तुमचं." तिने सुई काढली, कापूस दाबला आणि तो बाईंनाच धरायला सांगून ती काचेमागे पळाली. बाई फळीवर उठून बसल्या. पोटाकडे बघितलं. पोट रोजच्यासारखंच होतं, म्हातारं, मऊ, हिरव्या गाऊनच्या आत निमूट बसलेलं.

बाहेर मुलगा वाट बघत होता. चोपन्न वर्षांचा, लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत साहेब, मांडीवर आईची पिशवी आणि पिशवीवर आईची शाल घडी करून ठेवलेली. "झालं? छान," तो म्हणाला आणि गुडघ्यावर बसून आईच्या पायात चपला घालायला लागला. गेली दोन वर्षं तो हे करत होता आणि गेली दोन वर्षं बाई करू देत होत्या. टाळूवर त्याचे केस विरळ झाले होते, मधे रुपयाएवढी चकती उघडी पडली होती. बाई त्या चकतीकडे बघत राहिल्या. मागच्या वर्षी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे आत हाच गेला होता. तू दमली असशील, बाहेर वाऱ्याला बस, म्हणाला होता. मग बाहेर येऊन म्हणाला होता, छान आहे सगळं. म्हणजे या डोक्याला माहीत आहे. हे डोकं वर्षभर माझ्यासमोर बसून जेवतंय, गोळी घेतलीस का म्हणून विचारतंय, जिन्यात माझा दंड धरतंय, आणि याला माहीत आहे. बाईंना वाटलं, खाली वाकून त्या चकतीवर टिचकी मारावी आणि म्हणावं, उघड रे दार. पण त्यांनी पाय पुढे केला, दुसरी चप्पल घालून घेतली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती बाईंच्या पोटात येऊन थांबली आणि तिथेच धुमसत राहिली.

गाडीत तो बोलत होता. कुठल्याशा दवाखान्याची लिफ्ट तीनदा बंद पडली, मालक खर्च करायला तयार नाही, दोरी झिजलीय असं चारदा लिहून दिलं तरी भीक घालत नाही. बाई खिडकीतून रस्ता बघत होत्या. चौकात सिग्नलला एक बाई दोन मुलांना दोन हातांनी घट्ट धरून उभी होती, दोन्ही मुलं दोन दिशांना ओढत होती. दोन वर्षांपूर्वी पोटातलं दुखणंही असंच अवचित सापडलं होतं. लघवीला जळजळ होते म्हणून पोटाची साधी तपासणी केली, तर तपासणारा एकदम गप्प झाला आणि त्याने आणखी एकाला बोलावलं. पोटातली मोठी धमनी फुगली होती. सायकलच्या ट्यूबला एका जागी टेंगूळ येतं तशी, डॉक्टर म्हणाले, आणि तशीच एक दिवस फुटू शकते. आता पूर्वीसारखं पोट फाडायला लागत नाही. जांघेतून दोन बारीक छेद, त्यातून मिटलेली कापडी नळी वर सरकवायची, फुगलेल्या भागात नेऊन उघडायची. रक्त नळीतून जातं, फुगवट्यावर ताण येत नाही. बाईंना ती कल्पना मनापासून आवडली होती. स्वतःच्या आत एक बाही शिवून घ्यायची! झालंही तसंच. तिसऱ्या दिवशी घरी. सुनेने फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, अहो काही नाही, दोन टाके फक्त, आई चालत बाथरूमला गेल्या. ते "दोन टाके फक्त" बाईंना आवडलं नव्हतं. दोन टाक्यांच्या आतून मी मरणाच्या दारात जाऊन आले, त्याचं काही? पण तेव्हा त्या दमल्या होत्या. खरं सांगायचं तर घाबरल्याही होत्या. रात्री अंथरुणात पोटावर हात ठेवून ठोके मोजायच्या. डॉक्टर पोहायला नको म्हणालेत, असं मुलाने सांगितलं तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही. प्रत्येकाचा एक धंदा असतो आणि त्या धंद्यातल्या माणसाचा शब्द मानायचा असतो, हे त्या जन्मभर मुलांच्या आईबापांना सांगत आल्या होत्या. आता आपली पाळी, असं समजून मुकाट्याने बसल्या. आणि मग त्या बसण्याचीही सवय लागली. कुणी चहा हातात आणून देतं, कुणी चपला घालून देतं, वाईट नसतं ते. बाईंना आता स्वतःचाच राग आला. वाईट नसतं ते, हेच तर वाईट.

घरी आल्यावर सुनेने दार उघडलं. "या आई. त्रास नाही ना झाला?" सून चांगली होती. तिच्या चांगुलपणात बोट घालायला जागा नव्हती आणि बाईंची पंचाईत तीच होती. जेवताना बाई म्हणाल्या, "मला वाटतंय, पुन्हा तलावावर जावं. नुसतं काठावर बसेन. नव्या मास्तरला मुलांचे पाय तरी दाखवेन." सून हसली. "आई, या वयात कशाला? तिथली फरशी ओली असते. आणि तुमचा फोटो लावलाय ना त्यांनी ऑफिसात, किती मान केला!" लावला होता. तलावाच्या ऑफिसच्या भिंतीवर बाईंचा फोटो होता, आणि त्या भिंतीवरचे बाकीचे चारही फोटो मेलेल्या माणसांचे होते. हे बाईंनी तेव्हाच हेरलं होतं पण मेलेल्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल आभार मानून त्या घरी आल्या होत्या. या वयात. हे दोन शब्द या घरात मिठासारखे झाले होते; कशातही घाला, चालतात. या वयात थंड पाणी नको, या वयात एकटीने जिना नको, या वयात राग नको. बाईंनी हातातला घास खाली ठेवला आणि मुलाकडे बघितलं. "काय रे, माझं पोट कसं आहे?" मुलाचा हात थांबला नाही, डोळे हलले नाहीत. शिताफी होती, कबूल करायला हवं. "एकदम मस्त," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आई शंभरी गाठणार." "आजच्या तपासणीचं काय?" "येईल रिपोर्ट. मी बघून घेईन, तू नको डोक्याला त्रास करून घेऊस." म्हणजे एक वर्ष, तीनशे साठ जेवणं, आणि दर जेवणाला हा असा. बाईंना एकाएकी त्याची कीव आली आणि त्याच क्षणी संताप आला, आणि दोन्ही एकाच घासात गिळणं अवघड होतं म्हणून त्या पाणी प्यायल्या.

दुपारी त्या त्यांच्या खोलीत पडून राहिल्या. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणी गादी वाळत टाकली होती. पाण्यावर माणसाला पडायला शिकवायचं तर पाठीखाली हात द्यावा लागतो. सगळे पोहण्याचे मास्तर देतात. आणि सगळे मास्तर एक लबाडी करतात: तोंडाने हात आहे, हात आहे, म्हणत राहायचं आणि हळूच हात काढून घ्यायचा. मूल आपसूक तरंगतं, आणि मग सगळे टाळ्या पिटतात. बाईंनी हे एकदाही केलं नाही. त्या सांगायच्या, आता मी हात काढतेय. मूल ताठ व्हायचं, किंचाळायचं, बुडायचं, पाणी प्यायचं. पुन्हा. आता काढतेय हं. पुन्हा किंचाळायचं. बाकीच्या मास्तरांचे वर्ग संपून जायचे तरी बाईंची मुलं अजून पाणी पीत असायची, आणि आईबाप कुरकुरायचे की ही बाई फार वेळ लावते. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असे. तुमचं मूल तरंगलं की त्याला कळलं पाहिजे की ते तरंगतंय, नाहीतर त्याला कळेल फक्त एवढंच की बाई खोटं बोलली. कित्येक वर्षं तलावाचा व्यवस्थापक त्यांना पाण्यात बघायचा याच कारणावरून. एकदा एक वकील आला होता, चांगला पन्नाशीचा, दाढीवाला, कोर्टात म्हणे जजांना घाम फोडायचा. बाई म्हणाल्या हात काढते, तर तो त्यांच्या मनगटाला लटकला आणि म्हणाला, "बाई, सांगू नका हो, नुसता काढा!" बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, बुडणार तुम्ही, तर माहिती मला एकटीला का?" आणि हात काढला. वकील बुडाला, वर आला, खोकला, शिव्या दिल्या, आणि आठवड्याने तरंगला. त्यांचा स्वतःचा मुलगाही असाच शिकला होता, सहा वर्षांचा असताना, रडून रडून, नाकातून पाणी काढून. तो विसरला असेल. चोपन्नाव्या वर्षी कुणाला आठवतं, आपण कसे तरंगलो ते. पण बाईंना आठवत होतं आणि म्हणून आत्ता गादीवर पडल्या पडल्या त्यांना इतका अपमान वाटला की डोळ्यात पाणी आलं. मरणाच्या भीतीने नव्हे. गळती होती तर होती. एकोणऐंशी वर्षं वापरलेली वस्तू कुठेतरी गळणारच. पण माझ्याच पोटातली गोष्ट घरभर ठाऊक, डॉक्टरला ठाऊक, काल लागलेल्या पोरीला ठाऊक, आणि मला तेवढी नाही!

दुसऱ्या दिवशी मुलगा कामाला आणि सून बाजारात गेल्यावर बाईंनी स्वतः चपला घातल्या. वाकायला वेळ लागला, पण पट्टा लागला. जिना एकटीने उतरल्या. खाली फळवाल्याने विचारलं, "आजी, एकट्याच?" "का, तुला सोबत यायचंय?" असं म्हणून त्या बसमध्ये चढल्या. दवाखान्याच्या खिडकीत बसलेल्या बाईने विचारलं, पेशंट कुठे आहे? मीच पेशंट. सोबत कोण आहे? कुणी नाही. मग जरा बसा, सोबतचं माणूस आल्यावर आत सोडते. बाई खिडकीवर दोन्ही कोपरं टेकून उभ्या राहिल्या आणि तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या सोबत मी आहे." रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. एक जण हसला. बाईंना आत सोडलं.

डॉक्टर चाळिशीचे, हात स्वच्छ, नखं बारीक कापलेली. "अरे वा, आजी! मुलगा नाही आला?" "तो लिफ्टा बघायला गेलाय. पोट माझं आहे म्हणून मी आले. आणि मला आजी म्हणू नका, बाई म्हणा, सगळं गाव म्हणतं. कालचा फोटो दाखवा." डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. राखाडी धुक्यात ती नळी चकचकीत दिसत होती, जाळीदार, ताठ, खाली दोन पाय फुटलेली. बाईंना आपली वाटली ती, एखादा दागिना आपला वाटतो तशी. नळीभोवती काळसर गोळा होता आणि गोळ्याच्या मागच्या अंगाला एक पांढरा ठिपका. "नळी उत्तम बसलीय," डॉक्टर म्हणाले. "पण पाठीकडून येणारी धमनीची एक बारीक फांदी या फुगवट्यात उलटं रक्त सोडतेय. हा ठिपका म्हणजे ती. पुष्कळांमध्ये आपोआप बंद होते. तुमची झाली नाही. फुगवटा मागच्या वर्षी वाढला होता, यंदा आणखी वाढलाय." "एवढ्याशा ठिपक्याने?" "एवढ्याशाच. पण रात्रंदिवस चालू." "आणि मला का नाही सांगितलं?" डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या मुलाशी बोललो होतो. तो म्हणाला, आईला सांगू नका, ती लगेच करून टाका म्हणेल. पुन्हा टेबलावर घ्यायचं म्हणजे थोडा धोका असतोच, आणि या—" "म्हणा." "या वयात," डॉक्टर म्हणाले आणि लाजले. "चुकलंच माझं. तुम्हालाच विचारायला हवं होतं." "मग आता विचारा," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत नीट बसल्या.

डॉक्टरांनी विचारलं आणि सांगितलंही. पुन्हा जांघेतून बारीक नळी घालून त्या फांदीच्या तोंडाशी जायचं आणि तिथे चिकट औषध सोडून ती बुजवायची. बहुतेक वेळा जमतं. काही वेळा दुसरीच फांदी गळायला लागते आणि परत यावं लागतं. मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. क्वचित काही बिघडतं, आणि बिघडलं तर तुमच्या वयाला ते झेपेलच असं नाही. नाही केलं तर फुगवटा वाढत जाईल, कदाचित हळू, कदाचित नाही. "आणि माझ्या वयाची जी माणसं तुमच्याकडून अशी नळी बसवून जातात, त्यांचं पुढे काय होतं?" बाईंनी विचारलं. "परिणाम चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले, आता जरा मोकळे होऊन. "पोट उघडून करायचो त्यापेक्षा महिन्याभरात दगावणारे खूपच कमी. लवकर घरी जातात. पुढे काही वर्षांनी तो फायदा ओसरतो म्हणा, आणि कायम तपासत राहावं लागतं." "घरी जातात. आणि घरी जाऊन काय करतात?" "म्हणजे?" "म्हणजे चालतात का? भांडतात का? बसमध्ये चढतात का? की कुणीतरी त्यांना चपला घालून देतं आणि ती भिंतीकडे बघत बसतात?" डॉक्टरांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुन्हा घातला. "ते आम्ही फारसं विचारत नाही. माणूस जिवंत आहे का, परत यावं लागलं का, एवढं बघतो." "मग तुमचे परिणाम अर्धेच झाले की हो," बाई म्हणाल्या. रागाने नव्हे, एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याचा पाय वाकडा पडताना दाखवावा तसं. मग त्यांनी विचारायचं होतं ते विचारलं. "ते बुजवल्यावर पोहता येईल?" "पोहता तुम्ही?" "पोहत होते. तुम्ही बंद केलंत." "मी?" डॉक्टरांनी भुवया चढवल्या. "मी सहा आठवडे म्हटलं होतं. जांघेतली जखम भरेपर्यंत."

बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली पण त्या बसल्या नाहीत. दांडा धरून उभ्या राहिल्या. सहा आठवडे. सहा आठवड्यांची दोन वर्षं झाली, आणि ती कुणी दुष्टाव्याने केली नव्हती. कुणीतरी म्हणालं असेल, दोन महिने जाऊ देत. मग हिवाळा आला, आता उन्हाळ्यात बघू. मग उन्हाळ्यात तलावावर गर्दी. असं सगळं प्रेमाने, थोडं थोडं, त्या फांदीतून रक्त यावं तसं आत साठत गेलं, आणि बाईंचं आयुष्य एका बाजूने फुगत आणि दुसऱ्या बाजूने रिकामं होत गेलं. बसने गचका दिला. शेजारचा तरुण दंडाला धरायला आला. "मी पडले का?" बाईंनी विचारलं. "नाही," तो म्हणाला. "मग पडेन तेव्हा धर." तो ओशाळून हसला आणि बाईंनाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून एवढे भांडतोय, खिडकीवाल्या बाईशी, डॉक्टरशी, या पोराशी, पण भांडायचं आहे ते अजून भांडलोच नाही.

मुलगा घरी आला होता. भर दुपारी, ऑफिस सोडून, बाईंच्या पलंगावर बसला होता आणि सून दारात उभी होती, हातात फोन. "आई, अहो कुठे होतात? जीव टांगणीला लागला आमचा." डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता, मुलाच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सुनेने एकदा नवऱ्याकडे, एकदा सासूकडे बघितलं आणि ती शहाणपणाने चहा ठेवायला निघून गेली. बाईंनी खिडकीतली खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या. "गुरुवारी दाखल व्हायचं ठरवून आलेय," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी करतील."

"मला विचारायचं तरी होतंस," मुलगा म्हणाला. आणि हे वाक्य आपल्या तोंडून निघालंय हे त्यालाच उमजलं बहुतेक, कारण त्याने मान खाली घातली. बाईंनी त्याला त्यावरून धोपटलं नाही. "काल सांगत होतास, लिफ्टची दोरी झिजलीय आणि मालक ऐकत नाही. त्या मालकाला काय म्हणतोस तू? राहू दे, या वयात लिफ्टला कशाला त्रास?" "आई, लिफ्ट आणि तू एक आहेस का?" "नाही ना. लिफ्टला तू विचारत नाहीस ते बरोबर आहे, तिला तोंड नाही. मला आहे." तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. मग तो बोलायला लागला आणि थांबेना. तिकडे ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसून काय होतं तुला माहीत नाही. तू आत आरामात झोपलेली असतेस. दोन तास म्हणाले होते आणि चार झाले, कुणी सांगेना, मी त्या दरवाजाच्या गोल काचेतून आत बघायचो आणि आत नुसती भिंत दिसायची. मागच्या वर्षी डॉक्टरांनी गळती म्हटल्यावर मला पहिल्यांदा तो बाक आठवला. तू नाही आठवलीस, तो बाक आठवला. मला परत तिथे बसायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, नको, बघत राहू. तुला सांगितलं असतं तर तू करून घेतलं असतंस. आणि तुला घाबरवायचं कशाला, असंही वाटलं. वर्षभर रोज सकाळी उठलो की आधी तुझ्या खोलीत येऊन तू हलतेयस का बघतो. चोपन्न वर्षांचा तो माणूस आता हुंदके देत होता, आणि बाईंच्या हाताला सवयीने त्याच्या पाठीवर जायचं होतं. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला.

"घाबरले असते मी," त्या म्हणाल्या. "खूप घाबरले असते. दोन वर्षांपूर्वी घाबरले होते तशीच. मग?" "मग काय?" "मग ती भीती माझी होती. पोट माझं, ठिपका माझा, आणि घाबरायचं तू, वर्षभर, माझ्या वाटचं? कुणी सांगितलं तुला? तुझी ती बाकावरची भीती आहे ना, ती तुझी. ती मी नाही घेणार, मागू नकोस. पण माझी मला दे." "देऊ काय, आई? काहीही काय बोलतेस." "दिलीस की आता," बाई म्हणाल्या. "सांगितलंस म्हणजे दिलीस." त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. आत कपबशा वाजत होत्या. चहा केव्हाच झाला होता, सून आणायची थांबली होती. "आणि काही झालं तर?" त्याने विचारलं, खालच्या आवाजात, नाक ओढत. "झालं तर मला होईल," बाई म्हणाल्या. "आणि नाही झालं, तर सहा आठवड्यांनी मी पाण्यात उतरणार. या वेळी आठवडे मी मोजणार."

तो तोंड धुवायला गेला. बाई खुर्चीतच राहिल्या, आणि मग ती भीती आली. गादीवर पडल्या पडल्या नाही, डॉक्टरांसमोर नाही, आत्ता आली, जिंकल्यावर. आधी बोटं गार पडली, मग कानात ठोके. टेबल, ती गार फळी, डोळ्यावरचा दिवा, आणि कदाचित पुन्हा उठणं नाही. कदाचित या खुर्चीत बसण्याचे हे शेवटचे पाच-सहा दिवस. समोरच्या गच्चीवर आजही ती गादी होती. आता कुणीतरी बाई येऊन काठीने ती झोडपत होती, आणि प्रत्येक फटक्याला उन्हात धूळ उडत होती. बाईंनी ती भीती अंगातून नीट जाऊ दिली, नखांपासून टाळूपर्यंत. तिला कुणी गोळी देऊन झोपवलं नाही, कुणी तिच्यावर शाल घातली नाही, कुणी छान म्हणालं नाही. दोन वर्षांनी त्यांना स्वतःचं असं काहीतरी मिळालं होतं आणि ते भयंकर होतं, आणि त्या ते कुणालाही परत करणार नव्हत्या. त्यांनी मोरीत नळ सोडून उभ्या असलेल्या मुलाला हाक मारली.

"गुरुवारी सकाळी सातला निघायचंय," त्या म्हणाल्या. "मी बसने जाणार. यायचं तर ये."